मापाची बाई

"तुम्हाला खरी भूक अशी आयुष्यात कधी लागलीच नसणार," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि तेही इतक्या सहज, जसं बूटवाल्याने डावा पाय उजव्यापेक्षा किंचित मोठा आहे म्हणून सांगावं. थोरली पर्स मांडीवर घेऊन बसली होती. कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत ती इथे आली होती आणि तिचं अर्धं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. वाक्य कानावर पडलं, आत शिरलं, आणि मग जरा वेळाने टोचलं. "म्हणजे?" तिने विचारलं. डॉक्टरबाईंनी कागद पुढे ओढून दारावरच्या घंटेचं चित्र काढलं. पोट भरलं की अंगातून एक संप्रेरक मेंदूकडे निरोप घेऊन जातं, ते दाराशी येऊन घंटा वाजवतं, आणि आतला माणूस म्हणतो, बास, आता पुरे. ही घंटा म्हणजे रिसेप्टर. ती कशी घडवायची हे जनुकांत लिहिलेलं असतं आणि त्या लिहिण्यात माणसागणिक थोडा फरक असतो. तिच्या धाकट्या बहिणीची घंटा जन्मापासून अर्धवट बिघडलेली होती. बटण कितीही दाबा, आत ऐकू जाणार ते पुसटसं. आणि थोरलीचं बटण उलट दाबलेलंच अडकून बसलं होतं. निरोप येवो न येवो, आत घंटा चालूच. बहिणीकडे एक आलं ते बहुधा वडिलांकडून, तुमच्याकडे दुसरं आलं ते आईकडून, चिठ्ठ्या उचलाव्यात तसं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. माणसाच्या वजनात आणखी शंभर गोष्टी असतात, पण तुम्हा दोघींत ही गोष्ट ठळक आहे, असंही त्या म्हणाल्या. मग पेनाला टोपण घालत त्यांनी शेवटचं सांगितलं: धाकटीला तिचा निष्कर्ष कळवला आहे, थोरलीचा तिला कळवलेला नाही आणि कळवणारही नाहीत. सांगायचं की नाही हे थोरलीने ठरवावं.

रक्त दिलं होतं तेही धाकटीच्या आग्रहाखातर. लहानपणापासून ज्यांचं वजन काही केल्या आटोक्यात राहत नाही अशा माणसांचा अभ्यास त्या दवाखान्यात चालला होता, धाकटी त्यात होती, आणि तुलनेसाठी सख्खं भावंड हवं होतं. तुलनेसाठी उभं राहण्यात थोरलीला नवं काही नव्हतं. घरात तिची नेमणूकच त्या जागी होती. धाकटीत काहीतरी सापडेल असं तिला वाटलं होतं आणि सापडलं तर बहीण म्हणून समजूत घालायचीही तिची तयारी होती. आपल्यातच काही सापडेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. रस्त्यावर ऊन होतं. सिग्नलपाशी माणसं सावली धरून उभी होती. तिने नेहमीसारखा रस्ता ओलांडला, आणि खिसा कापला गेल्यावर माणूस जसा आधी खिशावर हात ठेवतो आणि काय काय होतं ते आठवत बसतो, तशी ती आठवत चालली.

काय गेलं होतं? कारखान्यात तिला सगळे मीडियम म्हणत. आडनाव हजेरीपुरतं होतं. तिथे गणवेश शिवले जात, परिचारिकांचे, शाळांचे, हॉटेलांतल्या नोकरांचे, आणि प्रत्येक नव्या गणवेशाचा पहिला नमुना मांजरपाटात कापून तिच्या अंगावर चढवला जाई. एका बुटक्या लाकडी चौथऱ्यावर ती घट्ट बनियन-विजार घालून उभी राही, कटिंग मास्तर तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरत, आणि तिच्या खांद्यावर, छातीवर, कमरेवर बसलं की ते मधलं माप ठरे. त्याच्या खालची-वरची सगळी मापं मग त्यातून निघत. लहान माप म्हणजे तिच्यातून थोडं वजा, मोठं माप म्हणजे तिच्यात थोडं अधिक. लग्न झालं नाही, मूल झालं नाही, वीसेक वर्षांत टेप हलली नाही. जमाखर्च मांडायला बसलं तर तिच्या आयुष्यात मिरवण्यासारखी हीच एक गोष्ट होती, आणि ती तिने बऱ्यापैकी मिरवलीही होती. शिलाईच्या बायका डबे उघडून बसल्या की कुणीतरी म्हणायचीच, जिभेवर ताबा असावा तर मीडियमसारखा. ती आपल्या डब्यातलं अर्धं दुसरीच्या झाकणात काढायची आणि हसून म्हणायची, सवय लावून घ्यावी लागते हो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असाच असतो. बिळात ऐटीत बसलेला असतो आणि बीळ आपणच खोदलं असं त्याला मनापासून वाटत असतं.

आज ती जेवली नव्हती. जेवायची सुट्टी दवाखान्यात गेली होती. कारखान्याच्या पायऱ्या चढताना ती थांबली आणि चष्मा शोधावा तशी तिने स्वतःच्या आत भूक शोधली. पोट रिकामं होतं हे कळत होतं. डोकं किंचित हलकं होतं. दुपारी असं झालं की ती पाणी प्यायची आणि ते जायचं, आणि जन्मभर ती यालाच भूक समजत आली होती. मला लागते तशीच सगळ्यांना लागते, मी दोन घोट पाणी पिऊन गप्प बसते आणि बाकीचे बसत नाहीत, हा तिचा सरळ हिशेब होता. त्यात खोटं काही नव्हतं. ती खरंच पाणी पिऊन गप्प बसत होती.

चौथऱ्यावर मास्तर वाट बघत होते आणि चिडलेले होते. एका इस्पितळाकडून मोठ्या मापाचे गणवेश परत आले होते. काखेत उसवलेले, दंडात अडकणारे, आणि खांदे मात्र लोंबणारे. "अंगाला कापसाच्या पट्ट्या बांध गं," मास्तर म्हणाले, "बघू तरी काय रडतायत." मोठं माप तपासायची त्यांची रीत हीच होती, मीडियमवर पट्ट्या गुंडाळायच्या. तिने पट्ट्या बांधल्या, वरून तो पांढरा गणवेश चढवला आणि हात वर केले. खांद्याची शिवण दंडावर उतरली आणि काखेत कापड कचकन रुतलं. मास्तरांनी दोन पावलं मागे होऊन पाहिलं आणि टाचण्या हातात घेत निर्वाळा दिला, की पॅटर्न बिनचूक आहे, माणसंच बेढब झाली आहेत. नाचता येईना अंगण वाकडं, एरवी थोरलीने हे मनात म्हटलंही नसतं. मास्तरांचं हे वाक्य तिने वर्षानुवर्षं ऐकलं होतं, आणि मान डोलावली होती. मोठं अंग म्हणजे आपल्या अंगावर काहीतरी जास्तीचं चढलेलं, खरवडून काढलं तर खाली आपल्यासारखंच निघेल असं, हे तिला मास्तरांइतकंच ठाऊक होतं. आज पट्ट्यांनी घाम फुटला होता, हात वर अडकले होते आणि तिला कपड्यांच्या दुकानातली कपडे घालून बघायची खोली आठवली. धाकटी नोकरीला लागणार होती आणि मुलाखतीसाठी चांगला कपडा हवा होता. पडद्याआड ती एका ड्रेसमध्ये अडकली, वर निघेना आणि खालीही येईना. तिने बारीक आवाजात ताई म्हणून हाक मारली. थोरली आत गेली. कापड ओळखीचं होतं, शिवण ओळखीची होती, गणवेशांच्या जोडीला कारखाना कधीमधी दुकानांसाठीही शिवायचा, ते त्यांच्याच कारखान्याचं काम होतं आणि तिच्याच अंगावरून निघालेलं होतं. डोक्यावरून ओढताना धाकटीचा चेहरा कापडात झाकलेला होता, आणि त्या न दिसणाऱ्या चेहऱ्याला ती म्हणाली होती, थोडं कमी खाल्लं असतंस तर. ड्रेस निघाला तेव्हा धाकटीचे केस विस्कटले होते आणि ती हसत होती, आणि पुढची सगळी वर्षं थोरलीने ते हसणं खरं मानलं होतं.

"मास्तर," ती चौथऱ्यावरून म्हणाली, "मोठ्या मापाला मोठ्या मापाची बाई उभी करा." मास्तर हसले. अशा बायका इथे कशाला उभ्या राहतील, त्यांना लाज वाटत नाही होय, असं काहीतरी ते टाचण्यांआडून बोलले. तिने पट्ट्या सोडल्या. अंगावर वळ उठले होते आणि ते थोड्या वेळाने जाणारे होते.

धाकटी मुलांना पोहायला शिकवायची. तिथे तिला पाहणं ही वेगळीच गोष्ट होती. काठावरून चालताना ती सावकाश, जरा बाजूला झुकत चाले, पण एकदा पाण्यात उतरली की तिचं सगळं वजन पाणी उचलून घेई आणि ती अशी वळे, की भल्याभल्यांनी बघत राहावं. भेदरलेली पोरं तिच्या दंडाला धरून तरंगायला शिकत. दिवसभर पाण्यात हातपाय मारणारी बाई आळशी कशी असेल, हा प्रश्न त्यांच्या घरात कुणालाच कधी पडला नव्हता. घरी तिचं नाव ढमी होतं. नाव वडिलांनी लाडाने ठेवलं होतं. ते स्वतः तसेच होते, जिन्याला त्यांच्या पायांचा आवाज वेगळा यायचा. आईने ते पुढे वेगळ्या सुरात वापरलं. आई सडपातळ, चिवट, दोन घासांवर दिवस काढणारी. ताट पुढे असलं की ती वाढायची, ताट रिकामं झालं की पातेलं उचलून आत न्यायची. खायचा नियम तिच्या मते साधा होता, पुरे म्हणायला शिकावं. नवऱ्याला तिने तो आयुष्यभर शिकवला आणि ते शिकायच्या आधीच जिन्यात बसल्या बसल्या गेले.

आणि बिस्किटांचे डबे. घरी चालत जाताना थोरली त्यांच्यापर्यंत येऊन पोहोचली. खरं तर ती दुपारपासून त्यांच्याच दिशेने चालली होती. आत्याने दोघींना एकेक पत्र्याचा डबा आणला होता, झाकणावर निळं जहाज होतं. धाकटीचा डबा बघता बघता संपला. थोरलीचा फळीवर राहिला, आठवडा गेला, महिना गेला. आई आल्या-गेल्याला तो डबा दाखवायची, बघा, याला म्हणतात संयम, एवढीशी पोर आहे. मग एक दिवस डबा उघडला तर वर बिस्किटांचा एक थर होता आणि खाली चुरगळलेले कागद. धाकटीला मार बसला. मार फार नव्हता, पण आईने मारताना चोर हा शब्द वापरला आणि तो घरात बरीच वर्षं राहिला. त्यानंतर खायच्या कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली थोरलीकडे आली. दहा वर्षांची पोर गळ्यात किल्ली घालून घरभर हिंडत होती. धाकटी कधी किल्ली मागायची नाही. ती फक्त बोलताना डोळ्यांकडे बघायच्या ऐवजी गळ्याकडे बघायची.

घरी आली तेव्हा धाकटी आधीच येऊन टेबलाशी बसली होती, केस ओले, अंगाला क्लोरीनचा वास. आठवड्यातून एकदा ती पोहण्याचा वर्ग संपवून आईला भेटायला येई. आई बटाटे सोलत होती आणि दोघींचं काहीतरी आधीच वाजून गेलेलं दिसत होतं. धाकटीने आपला निष्कर्ष आईला सांगितला होता. "माझी घंटा नादुरुस्त आहे ताई," ती थोरलीला म्हणाली, "एवढंच निघालं. मी म्हटलं चला, कारण तरी कळलं." तिने ते हसण्यावारी नेलं आणि पुढे विचारलं, "तुझं काय निघालं?" थोरली पर्स खुंटीला अडकवत होती. अजून नीटसं कळलं नाही, असं ती म्हणाली. खोटं इतकं बेमालूम निघालं, की तिची तिलाच भीती वाटली. नाही सांगितलं तर काय बिघडतं, हा विचार तिने हात धुता धुता केला. धाकटीला तिचं कळलं, तिला दिलासा मिळाला, दिलासा अर्धा काय नि पुरा काय. आपल्याकडे एवढी एकच गोष्ट आहे. ती काढून दिली की मग उरतं काय? एक बाई, जिला भूक लागत नाही. त्यात मिरवण्यासारखं काय आहे?

जेवायला बसल्या. भात होता, बटाट्याचा रस्सा होता, पाव होता. धाकटीने वाढून घेतलं ते बेताचंच. या घरात ती नेहमी बेताचंच वाढून घेई आणि नंतर कुठेतरी खात असे, हे तिघींना माहीत होतं. आईने पातेल्यावर झाकण ठेवलं. मग ती बोलली, भांडण नव्हतं, तिच्या मते ती समजूतच घालत होती. डॉक्टरांना काय, प्रत्येक गोष्टीला एक नाव द्यायचंच असतं. घंटा बिघडली म्हणे. माणसाला मन असतं की नाही? "एकाच आईच्या पोटच्या दोघी तुम्ही," आई म्हणाली, "तुझ्या ताईकडे बघ. तिला काय भूक लागत नाही?"

धाकटीने ताईकडे बघितलं नाही. ती ताटाकडे बघत चमच्याने घास कालवत राहिली, सवयीने, आणि त्या कालवण्यात राग नव्हता, हेच थोरलीला सहन झालं नाही. तिला वाटलं होतं आपण अजून विचार करू, दोन दिवस घेऊ. पण तोंडातून भलताच प्रश्न निघाला. "ढमे," ती म्हणाली, "भूक लागते म्हणजे तुला नेमकं काय होतं?"

धाकटीने मान वर केली. चेष्टा आहे का ते तिने आधी पाहिलं. चेष्टा नव्हती. तिने चमचा खाली ठेवला. चाळिशीला आली होती आणि हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"शेजारच्या खोलीत मूल रडत असतं ना," ती म्हणाली, "आपलं मूल. तसं. आपण काम करतो, बोलतो, पण एक कान तिकडेच. पोरांना शिकवताना मी त्यांचे श्वास मोजत असते आणि खाली ते रडणं चालूच असतं. जेवलं की गप्प बसत नाही, जरा हळू रडतं. लोक म्हणतात लक्ष देऊ नकोस. नाहीच देत. सकाळी उठल्यापासून मी तेच करते ताई, लक्ष न देणं. माझ्याएवढं कुणी करत नसेल. दिवसातून एकदा हरते. तुम्हाला तेवढंच दिसतं."

आईचे हात थांबले होते. रस्त्यावरून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. पण ज्याचं जळत नाही त्याला निदान विचारता येतं, आणि हे विचारायला आपल्याला रक्त तपासून घ्यावं लागलं, याची थोरलीला लाज वाटली. साधी, ढळढळीत लाज. "मला तसं कधीच झालेलं नाही," ती म्हणाली. "एकदाही?" धाकटीने विचारलं. "एकदाही. आज कळलं मला. माझी घंटा सतत वाजते, उपाशी असले तरी. मला आवरावं असं काही लागतच नाही. मी पाणी पिते ना दुपारी, त्यालाच मी भूक म्हणायचे." आणि मग तिने सगळं सांगितलं, बटण, निरोप, वडिलांकडून एक आणि आईकडून एक. सांगताना ती भराभर बोलली, कारण मध्ये थांबली असती तर बहुधा परत फिरली असती.

धाकटी खूश होईल असं तिला कुठेतरी वाटलं होतं. धाकटी खूश झाली नाही. ती कुठेतरी लांब बघत होती, आणि परत आली तेव्हा तिने एकच विचारलं. "मग बिस्किटं? ती तू जपून ठेवली होतीस."

"जपून नव्हती ठेवली," थोरली म्हणाली. "मी विसरले होते ती."

धाकटीने हे ऐकलं आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, राग म्हणावा तर राग नव्हता. त्या डब्याचं झाकण तिला अजून रेघ न् रेघ आठवत होतं, जहाजाला किती गोल खिडक्या होत्या ते ती आत्ताही सांगू शकली असती. रात्री झोपताना तो डबा फळीवर आहे हे तिला कळत राहायचं, शाळेत कळत राहायचं. आणि जिचा होता तिला तो आई दाखवेल तेवढ्यापुरताच आठवायचा. "विसरली होतीस," ती एवढंच म्हणाली. तिने ओल्या केसांतून हात फिरवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने लपवलं नाही, पुसलंही नाही. पाण्याची तिला सवय होती.

आई मात्र भलतीकडेच पोहोचली होती. थोरलीने सांगितलेलं तिने सगळं ऐकलं होतं आणि त्यातलं एकच वाक्य हातात धरून ती बसली होती. "माझ्याकडून म्हणालीस," ती म्हणाली. बहुधा, असं डॉक्टरबाई म्हणाल्या, एवढंच थोरलीने सांगितलं. आई स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिली, लहान पोरीचं असावं एवढंच ते मनगट होतं. तिलाही कधी तसं झालं नव्हतं, मूल रडावं तसं. तिलाही वाटत आलं होतं की सगळ्यांना दोन घासांत पुरतं आणि काही माणसं मुद्दाम हट्ट करतात. "ते जेवून उठले," आई म्हणाली, "तरी पातेल्याकडे बघायचे." कोण ते सांगायची गरज नव्हती. "मी झाकण ठेवायचे. त्यांनी बघू नये म्हणून."

बोलण्यासारखं जे होतं ते ऐकायला वडील आता राहिले नव्हते. धाकटीने चमचा उचलला, ताटातलं उरलेलं संपवलं आणि नेहमीप्रमाणे ताट पुढे सरकवून उठायला टेबलावर हात टेकले. थोरलीला वाटलं, थांब म्हणावं, पण थांब म्हणायचा हक्क आपल्याला आहे का, हे तिला कळेना. इतकी वर्षं या टेबलाशी तिने फक्त पुरे हा शब्द वापरला होता.

तेवढ्यात आईने हात पुढे केला आणि पातेल्यावरचं झाकण काढून बाजूला ठेवलं. वाफ थोडीच उरली होती. तिने दोघींपैकी कुणाकडेही बघितलं नाही.

"गार होतंय," ती थोरलीला म्हणाली. "वाढ तिला."